‘दांडान’ म्हणजे थांबा

माझ्या मुलीनं, केतकीनं, कोलकात्याच्या बसमध्ये माझ्याच वयाच्या एका बाईंना उठवून त्यांची जागा घेतली, ही गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. ऐकणारे जरा बिचकतात. सव्वीस वर्षं मी या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. पाठ ताठ ठेवा, रांग मोडू नका, मोठ्यांना जागा द्या, हे सांगण्यात माझा घसा गेला. अशा मोहरील बाईंनी असल्या गोष्टीचा अभिमान बाळगावा म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

तर म्हणजे काय, ते लिहायला बसले आहे. शाळेच्या अंकासाठी प्रवासाचं काहीतरी द्या, असं संपादक बाई तीन वर्षं मागे लागल्या होत्या. हा प्रवास आहेच. वर्धा ते हावडा, दोनदा गेलो, दोनदा आलो. पण त्यातली एक गोष्ट आपल्याच मैदानावर घडलेली आहे आणि ती मी सहा वर्षं खोटी सांगत आले. ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेल्या पुष्कळ मुली शाळा सुटल्यावरही हा अंक वाचतात. म्हणून इथेच लिहिते.

आधी आजाराचं सांगते. केतकी वीस वर्षांची आहे. आडवी पडलेली किंवा बसलेली असली की तिच्यासारखी टवटवीत मुलगी नाही. उभी राहिली की चारपाच मिनिटांत तिचं हृदय धावत सुटतं, जशी काही चारशे मीटर पळून आली आहे. डोळ्यांपुढे काळं येतं, पाय कापसाचे होतात. बसली की पुन्हा ठीक. त्यामुळे तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. रक्त कमी आहे, खात नाही, अभ्यास नको असतो, मनाचं आहे, असं सगळं ऐकून झालं. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या टेबलाशी तीन तास उभं राहणं जमेना, तेव्हा तिनं ऑगस्टमध्ये कॉलेज सोडलं. मग नागपूरच्या एका तरुण डॉक्टरनं पहिल्यांदा आजाराचं नाव सांगितलं, आणि म्हणाला, कोलकात्याला एक डॉक्टर आहेत, ते अशा रुग्णांना कानातून एका नसेला हलकी वीज देऊन बघतायत. कोलकात्याला माझी धाकटी बहीण शुभा राहते. केतकीचं म्हणणं एवढंच होतं की तिला टेबलाशी उभं राहता आलं पाहिजे.

सॉल्ट लेक

हावड्याला उतरलं की आता स्टेशनखालूनच मेट्रो सुटते आणि नदीच्या तळाखालून पलीकडे जाते. मध्येच बाहेर निळा उजेड दिसतो. न्यायला आलेली शुभा म्हणाली, "निळं दिसलं की समजायचं, डोक्यावर गंगा आहे." केतकीनं वर बघून नमस्कार केला. खालून नमस्कार करायची वेळ पहिलीच.

शुभाचे यजमान सुधीरराव खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये आहेत. सतरा वर्षं झाली त्यांना इथे, आणि शुभा आता वरणात साखर घालते.

"शुभे, हे वरण आहे की पाक?"

"खा गं गुपचूप. वर्ध्याला जाऊन मिरच्या खा."

केतकीला डॉक्टरांनी पाणी आणि मीठ भरपूर घ्यायला सांगितलेलं. (हे तिला सांगितलेलं आहे. वाचून कोणी आपल्या मनानं मीठ वाढवू नये.) ती म्हणाली, "मावशी, मी पत्ता बघूनच आजार निवडलाय. मीठ खायचं आणि सॉल्ट लेकला राहायचं."

शुभाची मुलगी तिन्नी अकरावीत आहे. ती जन्मापासून इथली, त्यामुळे तिचं मराठी मजेदार. बंगालीत पाणीसुद्धा खातात. "मोठी मावशी, तू पाणी खाल्लंस?" असं ती दर तासाला विचारायची. माझा आई आली, माझा शाळा सुटली. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं की केतकी डोळे मोठे करायची. पण केतकीला दिवसभर आठवणीनं पाणी 'खायला' घातलं ते तिन्नीनंच.

गॅलरीत बसून तिनं मला बंगाली शिकवलं. बोशून म्हणजे बसा. उठून म्हणजे उठा. दांडान म्हणजे उभे राहा. मला आधी 'दांडा'च ऐकू आला, आणि वाटलं, वा, भाषा ओळखीची निघाली. हे तर माझ्या कामाचेच शब्द. मी ते वहीत उतरवून घेतले.

बालीगंज

दवाखाना बालीगंजच्या एका शांत गल्लीत, हिरव्या झडपांच्या खिडक्यांच्या जुन्या घरांमध्ये. वरच्या मजल्यावर लांब व्हरांडा, एक बाक, आणि भिंतीवर कोणाची तरी लहानपणीची चित्रं. पहिल्या दिवशी केतकीची उभं राहण्याची तपासणी होती. दहा मिनिटं आडवं पडायचं, मग दहा मिनिटं उभं राहायचं, आणि दर मिनिटाला ठोके मोजायचे.

आम्ही बाकावर बसलो. आतून एक बाई आल्या, हातात शंखाच्या पांढऱ्या आणि पोवळ्याच्या लाल बांगड्या. या मिठूदी, तपासणी करणाऱ्या. त्यांनी कागद बघितला, "एकटु दांडान," म्हणाल्या आणि आत गेल्या.

"उठ," मी केतकीला म्हटलं. "उभं राहायला सांगितलंय."

"इथे बाहेर?"

"उभ्याचीच तपासणी आहे ना. आधी थोडं उभं करत असतील. उठ."

ती उठली. मला वही पाठ होती. एकटु म्हणजे थोडंसं, दांडान म्हणजे उभे राहा. चारेक मिनिटांनी केतकी म्हणाली, "आई, बसू का?"

"झालंच. थोडंसंच म्हणाल्यात."

तेवढ्यात मिठूदींनी दारातून डोकं काढलं. "आर एकटु दांडान," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

"बघ. अजून थोडंसं."

केतकीनं भिंतीला पाठ लावली. ओठ पांढरे पडत चालले होते. मला ते दिसत होतं, हे मी आज लिहून ठेवते.

"बाई," ती म्हणाली. "बाई, मी बसते."

केतकी याच शाळेत शिकली. शाळेत आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा माझा नियम होता. शाळा सुटून तीन वर्षं झाली तरी माझ्यावर रागावली की ती मला बाई म्हणते.

मी म्हटलं, "सांगितलंय तोवर उभं राहायचं."

ती भिंतीवरून घसरत खाली आली. या वेळी मी जवळ होते; डोकं फरशीला लागायच्या आत हातात धरलं.

मिठूदी धावत आल्या. तिला आडवं केलं, पाय उचलून बाकावर ठेवले. "दांड कोरालेन केनो?" असं काहीतरी मला विचारलं, मग माझा चेहरा बघून हिंदीत, "खडा क्यूँ किया इसको?"

"आपनेही बोला. दांडान."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे दिदि, दांडान माने ठहरिए. रुकिए."

बंगालीत उभं राहणं आणि थांबणं हा एकच शब्द आहे. अख्खं कोलकाता दिवसभर एकमेकांना दांडान म्हणत असतं, फोनवरसुद्धा, आणि पलीकडचा माणूस खुशाल खुर्चीत बसलेला असतो. वाण्याकडे, रिक्षावाल्याकडे, तिकिटाच्या खिडकीवर तोच शब्द. त्यातून उभं राहण्याचा हुकूम ऐकावा, तो मीच.

फरशीवर पडल्या पडल्या केतकी हसायला लागली. मला हसू येईना.

घसरली नव्हती

डॉक्टर उंच, किडकिडीत, अंगात हाफ स्वेटर. नोव्हेंबर सुरू झाला की कोलकात्याची माणसं थंडी वाजायच्या आधीच स्वेटर घालतात. हिंदी आणि इंग्रजी मिसळून हळू बोलायचे. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा कधी पडली?"

केतकी म्हणाली, "नववीत. शाळेत पाण्याच्या टाकीशी पाय घसरला. दात तुटला."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. हे वाक्य माझं होतं. मी ते सहा वर्षांपूर्वी रिक्षात तयार केलं होतं, दवाखान्यात जाताना, तिच्या तोंडावर माझा रुमाल होता तेव्हा. ती ऐकत होती. तेव्हापासून तिनं त्यातला एक शब्द बदलला नव्हता. पाच मिनिटांपूर्वी माझ्यामुळे फरशीवर पडून उठलेली मुलगी अजून मला सांभाळून घेत होती.

"घसरली नव्हती," मी म्हटलं.

मग सांगितलं ते असं. सव्वीस जानेवारीच्या संचलनाची रंगीत तालीम होती. चारशे मुली मैदानावर, ऊन चांगलंच चढलेलं. केतकी दुसऱ्या रांगेत होती. ती मध्येच खाली बसली. दुसरी कोणी असती तर मी तिला सावलीत पाठवलं असतं. ही माझी होती. बाईंची मुलगी म्हणून सूट मिळते, असं कोणी म्हणायला नको होतं मला. मी तिला पुढे बोलावलं आणि ध्वजाच्या कट्ट्याशी कान धरून उभं केलं. ती म्हणाली, बाई, मला कसंतरी होतंय. मी म्हटलं, नाटक बंद. ते कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकू गेलं.

ती तोंडावर पडली. हातांनी कान धरलेले होते, त्यामुळे सावरायला हात नव्हते.

दोनचार मुली पुढे धावल्या. मी "सावधान" म्हटलं. त्या जागच्या जागी थांबल्या. माझं लेकरू मातीत पडलेलं आणि चारशे मुली सावधानमध्ये. त्या मुलींनो, तुमची काही चूक नव्हती. तुम्ही ऐकलंत ते माझं.

घरी ह्यांना सांगितलं, टाकीशी घसरली. दातांच्या डॉक्टरलाही तेच.

कोलकात्याच्या डॉक्टरांनी मान वर केली नाही. ऊन होतं का, विचारलं. किती मिनिटं उभी होती, सकाळी काय खाल्लं होतं, आधी चेहरा पांढरा झाला का, आडवी पडल्यावर किती वेळात शुद्धीवर आली. मला सगळं आठवत होतं, मिनिटासकट. त्यांनी आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली.

"हे आधी कळलं असतं तर इतकी वर्षं लोक रक्त तपासत बसले नसते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. आज ढग आहेत म्हणावं तसं म्हणाले. "ठीक आहे. आता कळलं."

त्यानंतर तपासणी झाली. आडवी असताना बहात्तर ठोके, उभी राहिल्यावर सातव्या मिनिटाला एकशे एकतीस. सातव्या मिनिटाला केतकीनं हात वर केला आणि बसली. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबली. "दाताचा तुकडा सापडला होता ना तुला? काय केलंस त्याचं?"

"शिट्टीच्या डबीत आहे."

"अजून?"

"अजून."

"ई, बाई," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

त्या संध्याकाळी शुभाच्या गॅलरीतून ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं. शाळेच्या नळावरच्या शेवंताबाईंनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

आमच्या घरात सगळेच असे. दांडान.

कान धरून बसणे

दुसऱ्या दिवसापासून उपचार. यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी, त्यातून निघालेली वायर, आणि टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्याचं बाळ. कानाच्या भोकाच्या तोंडाशी, गालाकडच्या बाजूला, एक छोटा कडक उंचवटा असतो. बोटानं दाबला की कान बंद होतो, तो. तिथे हा चिमटा लावायचा. त्या जागेच्या कातडीखाली एका लांब नसेची फांदी येते. ती नस डोक्यातून निघते ती गळा, हृदय, पोट अशी सगळ्यांच्या घरी डोकावत जाते. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा ब्रेक तिच्या हातात असतो. हिचा ब्रेक ढिला आहे. कानातून आठवण करून द्यायची."

मिठूदी म्हणाल्या, "पहले माँ." आणि चिमटा माझ्या कानाला लावला. आधी काही नाही, मग बारीक मुंग्या. मी चेहरा वाकडा केला तशी त्यांनी वीज जरा कमी केली. तेवढीच ठेवायची, टोचायच्या अलीकडे. दुसऱ्या दिवशी मला लावून दाखवायला सांगितलं, तेव्हा मी घाईत पाळीला लावला. मिठूदी म्हणाल्या, तिथे काही उपयोग नाही, तिथे नुसतं कानातलं.

दहा दिवस इथे, मग यंत्र घरी नेऊन, रोज एक तास, निदान दोन महिने. गुण येईलच असं नाही, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पाणी, मीठ, घट्ट मोजे आणि पडून, बसून करायचे व्यायाम काही सुटणार नाहीत.

केतकी कानाला चिमटा लावून खुर्चीत बसली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, शिक्षा बदलली बरं का. कान धरून बसायचं."

मिठूदींना तिनं त्याचा अर्थही सांगितला. बंगाली शाळांतही तीच शिक्षा असते. मिठूदी खूप हसल्या आणि मग माझ्याकडे बघून थांबल्या. त्यानंतर मला रोज न मागता चहा मिळायला लागला, मातीच्या भांड्यात.

दहा दिवस आम्ही जात होतो. तास संपला की शहर बघायचं, पण बसत बसत. मला आजवर गाव बघायचं म्हणजे पायांनी तुडवायचं एवढंच माहीत. केतकीच्या तंत्रानं बघितलं तर बसायला जागा कुठे आहे हे आधी दिसतं, आणि कोलकात्यात ती फार आहे. घरांपुढे दगडी ओटे असतात, त्यांना रोक म्हणतात. त्यांवर सगळ्या वयाचे पुरुष तासन्‌तास नुसते गप्पा मारत बसलेले असतात आणि त्यांना कोणी आळशी म्हणत नाही. आमच्याकडे भर दुपारी असा ओट्यावर बसलेला माणूस दिसला तर मी त्याला कवायत करायला लावली असती. पुचक्याचं पाणी चिंचेचं आणि चांगलं खारट. मीठ वाढवा म्हटल्यावर केतकीला तेवढं निमित्त पुरलं. शुभा म्हणाली, "पाणीपुरी औषध म्हणून खाणारी पहिलीच बघितली." एका थांब्यावर ट्राम अर्धा तास आली नाही. मी उभी, केतकी पायरीवर बसलेली. मग मीही बसले. जग काही बुडालं नाही.

बस

आणि आता ती बस. परतायच्या आदल्या दिवशी केतकी म्हणाली, आज बसनं जाऊ. संध्याकाळची बस, सॉल्ट लेककडची, गच्च भरलेली. डाव्या बाजूला बायकांच्या जागा असतात. तिथे एक बाई दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चांगल्या खणखणीत.

असं झालं की केतकी काय करायची ते मला माहीत होतं. बोलायची नाही. उभी राहायची, पांढरी पडायची, आणि मधल्याच थांब्यावर उतरून फुटपाथवर बसायची. कॉलेजच्या बसमधून तिनं दीड वर्ष असंच काढलं. मागितलं तर नाटक म्हणतील. हे तिला कोणी शिकवलं, ते वर लिहिलंच आहे.

ती त्या बाईंना म्हणाली, "दिदि, एकटु बोश्ते देबेन?" जरा बसू देता का.

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. जीन्स, गुलाबी गाल. मग शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आजकालकार मेये. दांडाते पारे ना." आजकालच्या मुली, उभं राहता येत नाही.

मी पुढे व्हायला निघाले. केतकीनं मला हातानंच थोपवलं.

"ना, पारि ना," ती म्हणाली. नाही येत. "दांडाले बुक धडफड कोरे."

उभी राहिले की छाती धडधडते. एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, माफी मागितली नाही. वजन-उंची सांगावी तसं सांगितलं. मला तिच्यापेक्षा दोन बोटं कमीच बंगाली येत होतं, पण ते वाक्य मला मराठीतच ऐकू आलं.

बाई उठल्या. केतकी बसली. पुढचा अर्धा तास बस म्हणजे दवाखाना झाली. बाईंनी दांडीला लटकून विचारलं, किती वर्षं? सहा. कोणी म्हणालं गॅस, कोणी म्हणालं थायरॉइड. एका आजोबांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांचं नाव लिहून दिलं. मासे खाते का? नाही? सगळ्या बसला कारण सापडलं.

उतरताना कंडक्टर ड्रायव्हरला ओरडला, "आस्ते लेडीस, आस्ते." बाई उतरतेय, हळू. इथे प्रत्येक बाईसाठी असं ओरडतात. बस पूर्ण थांबली. केतकी सावकाश उतरली, आणि मी तिच्या मागून उतरताना माझी मान अशी ताठ होती की विभागीय स्पर्धेत लेझीमची ढाल आली तेव्हाही नसेल.

पुन्हा, जानेवारीत

मधले दोन महिने वर्ध्यात रोज संध्याकाळी एक तास केतकी कान धरून बसायची आणि समोर मी. चिमटा नीट आहे ना बघायला, असं सांगून बसायचे. बोलायला विषय लागायचे. पहिल्या आठवड्यात हवापाण्यावर भागलं. मग भागेना.

डिसेंबरात ती एकटीच जाऊन प्राचार्यांना भेटली. चिठ्ठी नाही, मला बरोबर नेलं नाही. प्रॅक्टिकलसाठी उंच स्टूल मागितलं. ते म्हणाले, एवढंच ना, गोदामात चार पडलेत. नव्या सत्रापासून तिची जागा पक्की झाली. म्हणजे उभं राहता आलं नाही तरी आता कॉलेज सुटणार नव्हतं. तरी ती म्हणाली, "स्टूल आहे म्हणून बसायचं नाहीये मला. पाहिजे तेव्हा बसायचंय."

जानेवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा हावड्याला उतरलो. सुधीरराव माकडटोपी घालून न्यायला आलेले. शुभाकडे खजुराच्या नव्या गुळाचे संदेश. तेवढे मी साखरेबद्दल न बोलता खाल्ले.

बालीगंजला तोच बाक. मिठूदींनी दार उघडलं, मला बघितलं आणि सावधपणे म्हणाल्या, "बोशून, दिदि. बोशून."

दहा मिनिटं आडवी, चौऱ्याहत्तर. मग केतकी उभी राहिली. मी दाराजवळच्या खुर्चीत. तिसऱ्या मिनिटाला शहाण्णव. पाचव्याला एकशे दोन. सातव्या मिनिटाला मिठूदींनी विचारल्यासारखं बघितलं. केतकीनं मान हलवली. ओठ गुलाबीच होते.

"आर एकटु दांडान," मिठूदी म्हणाल्या. या वेळी त्याचे दोन्ही अर्थ बरोबर होते.

दहावं मिनिट, एकशे तीन. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. मग त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, छान आहे, पण गोष्ट संपली असं समजू नका. यंत्र बंद केल्यावर काय होईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या एका मुलीला दोन महिन्यांत काहीच फरक पडला नव्हता, हेही सांगितलं. त्यांनी न लपवता सांगितलं हे मला आवडलं. मला ते उशिरा जमलं.

परतीची गाडी संध्याकाळची होती. सामान सुधीरराव आणणार होते. केतकी म्हणाली, हावड्याला नदीखालून नको, वरून जाऊ. म्हणून घाटावर गेलो. तिकडे जाणारी लाँच अजून मधल्या पात्रात होती. पायऱ्यांवर माणसं बसलेली, शेंगा, मुडी म्हणजे आपले मुरमुरे, एक बाई नातवाला पाणी 'खाऊ' घालत होती.

मी पायरीवर पिशवी ठेवली, सरळ उभी राहिले आणि दोन्ही हातांनी कान धरले.

केतकीनं बघितलं. "बाई, लोक बघतायत."

"बघू देत. तुझ्या वेळी चारशे होत्या."

"किती वेळ?"

"तू सांगशील तितका."

तिनं जरा विचार केला. मला वाटलं, राहू दे म्हणेल. तिनं मोबाइल काढला, घड्याळ लावलं आणि म्हणाली, "दहा मिनिटं. पाठ ताठ."

दहा मिनिटं फार मोठी असतात. चौथ्या मिनिटाला दंड भरून आले. शेंगावाला बघून गेला आणि पुन्हा बघायला आला. सहाव्या मिनिटाला लाँच धक्क्याला लागली. लोक एकदम उठून पुढे सरकले, तसा दोर धरलेला माणूस हात उंच करून ओरडला, "दांडान, दांडान."

"थांबा म्हणतोय तो," केतकी म्हणाली.

"कळलं मला."

मी कान सोडले नाहीत. सगळे उठून गेल्यामुळे आमच्यापुढची पायरी आता पूर्ण मोकळी होती. केतकी मोबाइलवरचे आकडे बघत माझ्या शेजारी उभी होती.